वर्तणूक : समाधानकारक

“सर, सही पायजे हुती.”

सुकुमार चौगुले जिमखान्याच्या दारात उभा होता. दोन वर्षं हा मुलगा माझ्या व्हॉलीबॉल संघात होता आणि दोन वर्षांत बोलावल्याशिवाय त्यानं तो उंबरा ओलांडला नव्हता. मी हातातला पेपर खाली न ठेवता विचारलं, “कशावर?”

“दाखल्याच्या अर्जावर. जिमखान्याची सही लागती म्हणं.”

“दाखला कशाला? नापास झालास काय?”

“न्हाई सर, पास झालोय. शेवटचं वरीस नदीपल्याडच्या कॉलेजात करावं म्हणतोय.”

आता मी पेपर खाली ठेवला.

नदीपलीकडचं कॉलेज म्हणजे बशीर जमादारचं कॉलेज. पत्र्याच्या वर्गखोल्या, मैदानाच्या कडेनं बाभळी, नेटला तीन ठिकाणी सुतळीच्या गाठी. तिथला फिजिकल डायरेक्टर म्हणजे हा जमादार, स्वतः चुन्याचं घमेलं घेऊन मैदान आखत फिरणारा. माझ्याकडं आखायला शिपाई होता. माझ्या जिमखान्यात काचेची कपाटं होती आणि कपाटांत झोनच्या, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या, सात ढाली होत्या. आमचे प्राचार्य संस्कृतचे. सामना बघायला आले की दर वेळी शेजारच्याला विचारत, ‘हे लोक चेंडू हातात का धरत नाहीत?’ अशा माणसाच्या हाताखाली मी सात ढाली आणल्या होत्या. त्यामुळं मी, म्हणजे इंगवले सर, त्या काळात कुणालाही फारसा मोजत नसे. हे शहाण्णव सालच्या जूनमधलं आहे.

“इथं तुला कुणी नको म्हटलंय का?” मी विचारलं.

“न्हाई सर. पर हितं विक्रांत हाय की.”

“मग?”

“तुमी एकच घालता.”

हे मात्र खरं होतं. सुकुमार सेटर होता. व्हॉलीबॉलमध्ये मारणारे चार-पाच असतात. चेंडू उचलून त्यांच्या हाताजोगा देणारा, म्हणजे सेटर, एकच. बाकीच्यांची अदलाबदल होते, त्याची होत नाही. माझा सेटर होता विक्रांत भोईटे. सहा फूट एक इंच, कपाळावर केस, चेंडू दिला की आधी मुलींच्या बाकाकडं बघणारा. त्याला मी साताऱ्याकडून उचलून आणला होता. वसतिगृहात स्वतंत्र खोली आणि मेसमध्ये रोज दोन अंडी जास्त. त्याच्या मागं सुकुमार, आणि सुकुमारच्या मागं आमच्या चेअरमनसाहेबांचा पुतण्या, ज्याला सर्व्हिस नेटच्या वरून जाते की खालून हे अजून नक्की ठरवायचं होतं. तीन सेटर. बाकीच्या कॉलेजांत धड एक नव्हता. लोकांना वाटे इंगवल्यांनी तीन सेटर खेळवायला ठेवलेत. खेळवायला एक पुरतो. दोन मी दुसऱ्यांना मिळू नयेत म्हणून ठेवले होते.

“पुढंमागं लागशील तू,” मी म्हणालो.

“कवा सर?”

उद्धटपणानं विचारलं नव्हतं त्यानं. त्याला खरंच तारीख हवी होती.

“यंदाचंच वरीस हाय,” तो म्हणाला. “पुढल्या जूनला पंचवीस पुरी व्हत्यात, मग विद्यापीठात खेळाय देत न्हाईत. एकदा विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर पोलीस भरतीत खेळाडूच्या जागंला अर्ज करता येतोय. दुसरं काय न्हाई माझ्याजवळ, सर.”

बारावीनंतर बाप गेला म्हणून चार वर्षं गुऱ्हाळावर काहिलीत झारा फिरवून मग तो कॉलेजात आला होता. पाच फूट आठ इंच, मनगटं मात्र जाडजूड. माझ्या लेखी तो चेंडूंची पिशवी वाहणारा आणि सामन्याचं गुणपत्रक लिहिणारा मुलगा होता, आणि गुणपत्रक नीटनेटकं लिहायचा एवढंच त्याच्याबद्दल माझं मत होतं. तो जमादारकडं जाणार याचा मला राग आला नाही. राग येण्याइतकी त्याची किंमत मी केलीच नव्हती. मला किळस आली ती त्या कल्पनेची, की माझ्या बाकावरचा माणूस त्या सुतळीच्या नेटपाशी उभा राहणार आणि जमादार चारचौघांत सांगणार, इंगवल्यांकडचा सेटर आणला.

दाखला अडवता येत नव्हता. पास झालेल्या मुलाला तो द्यावाच लागतो. पण दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो, आणि खेळाडूंच्या बाबतीत तो रकाना आमचे हेडक्लार्क देवर्षी मला विचारून भरत.

“अर्ज ठेव. संध्याकाळी ये,” मी म्हणालो.

दुपारी देवर्षी दाखल्याची वही घेऊन आले. “चौगुल्यांचं काय लिहू? चांगली?”

“समाधानकारक.”

देवर्ष्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “पंचाच्या अंगावर गेलेला तो हाच का?”

“नाही.”

“मग?”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं. इथं जरा समजावून सांगतो, कारण हे आमच्या लोकांखेरीज आणि रकाना भरणाऱ्या देवर्ष्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. काही वर्षांपूर्वी झोनच्या सभेत चहा पिता पिता आम्ही फिजिकल डायरेक्टर लोकांनी एक ठरवलं होतं. एखादा खेळाडू पंचावर हात टाकणारा, दारू पिऊन मैदानात येणारा, स्पर्धा अर्धवट टाकून पळणारा असेल, तर त्याच्या दाखल्यावर ‘वाईट’ लिहून पोराचं आयुष्य नासवायचं नाही, ‘समाधानकारक’ लिहायचं. वाचणाऱ्याला शब्द चांगलाच वाटतो. आमच्यातला माणूस मात्र समजतो, की याला संघात घेऊ नका. सरळ मुलांना ‘चांगली’. प्राचार्यांना याचा पत्ता नव्हता आणि विद्यार्थ्यांना असायचं कारणच नव्हतं. कल्पना माझीच होती. सुकुमारनं दोन वर्षांत कुणाला अरे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी तो आला. दाखला दोन्ही हातांत धरून त्यानं उभ्या उभ्या वाचला. त्या रकान्याशी आल्यावर त्याचा चेहरा उजळला.

“समाधानकारक,” तो मोठ्यानं म्हणाला. “लई चांगलं लिवलंसा सर.”

आणि वाकून माझ्या पाया पडला. मी ‘असू दे, असू दे’ म्हटलं. खरं सांगायचं तर मला हसू दाबावं लागलं. इतका अडाणी मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचतो कसा, असा विचार करत मी स्कूटरला किक मारली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात विक्रांत भोईटे गेला. मला सांगून गेला असता तर मी काहीतरी केलं असतं. पुण्याच्या एका बड्या कॉलेजानं त्याला खोली, अंडी आणि वर मोटरसायकल देऊ केली होती. तो थेट प्राचार्यांकडं गेला, आणि आमच्या संस्कृत पंडितानं ‘यशस्वी भव’ म्हणून सही केली. वर्तणुकीचा रकाना मला न विचारता भरला गेला: ‘उत्तम’. मला कळलं तेव्हा विक्रांतच्या खोलीत एक फुटका आरसा तेवढा राहिला होता.

झोनल स्पर्धा दोन महिन्यांवर होती आणि यजमान आमचंच कॉलेज होतं. हाताशी उरला चेअरमनसाहेबांचा पुतण्या. आठवडाभर मी त्याला शिकवलं. आठव्या दिवशी त्यानं उचललेला चेंडू माझ्याच टेबलावरच्या चहात पडला, तेव्हा मला सुकुमारची आठवण झाली.

माझा हिशेब सरळ होता. त्या शेऱ्यावर त्याला जमादारनं घेतला नसणार. दुसऱ्या कुणी घेतला नसणार. पोरगा घरी बसला असेल. प्रवेशाची मुदत आठ दिवस उरली होती. हाक मारली की धावत येईल, वर पुन्हा पाया पडेल. मी स्कूटर काढली आणि त्याच्या गावी गेलो.

त्याची आई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर ती गडबडीनं उठली, पदर सारखा केला, आणि घोंगडं अंथरलं.

“सर व्हय तुमी. बसा की. सुकू तुमचं लई नाव काढतोय.”

“कुठाय तो?”

“पल्याड गेलाय, खेळाय. आता रोज आत घालत्यात म्हणं त्याला.” तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. “तुमच्याकडं असताना सांगायचा, सरांनी मला राखून ठिवलंय. मी म्हनायची, राखून ठिवल्यात म्हंजी मोठ्या सामन्यासाठीच ठिवलं असंल. चांगली वस्तू मानूस राखूनच ठिवतंय.”

ती थट्टा करत नव्हती. संघाच्या यादीत त्याच्या नावापुढं ‘राखीव’ असा शब्द असायचा. पोरानं तो घरी येऊन सांगितला होता आणि माउलीनं त्याचा जमेल तेवढा मोठा अर्थ लावून घेतला होता. मला त्या बाईची कीव आली, म्हणजे असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पाणी न पिताच उठलो.

‘रोज आत घालत्यात’ हे काही माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पूल ओलांडून मी जमादारच्या मैदानावर गेलो. स्कूटर बाभळीखाली लावली. नेटला आता चौथी गाठ पडली होती. सुकुमार नेटपाशी उभा राहून एकामागून एक चेंडू उचलत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पोरं उडी मारून मारत होती. जमादार पायजम्याला चुना लागलेला, हातात शिट्टी.

“काय इंगवले, वाट चुकलासा काय?”

“चौगुल्याला तुम्ही घेतलात?” मी सरळ विचारलं. “दाखला वाचला नाहीत वाटतं.”

“वाचला की.”

“शेरा?”

“शेरा त्यानंच दाखवला.” जमादारनं पोरांना खेळत राहायची खूण केली. “पहिल्या दिवशी आला, दाखला पुढं केला आणि म्हणाला, सर, ह्याचा अर्थ तुमच्यात काय असतो ते मला कळलंय. तरी एक दिवस खेळ बघा, मग हाकला. म्या म्हटलं, ज्याला इंगवल्यांनी दोन वर्षं दाबून धरला आणि जाताना वर लाथ घातली, त्याच्यात काहीतरी असणार. नाहीतर इंगवले एवढी तसदी घेत न्हाईत.”

असल्या माणसाशी मी वाद घालणार नव्हतो. मी सुकुमारला हाक मारली. तो चेंडू खाली ठेवून आला आणि नेहमीसारखा हात मागं बांधून उभा राहिला.

“विक्रांत गेला,” मी म्हणालो. “तू परत ये. पहिल्या सहांत घेतो. कॅप्टन करतो. हवं तर आत्ता चल, प्रवेशाचं मी बघतो.”

त्यानं एकदा मागं वळून नेटकडं पाहिलं.

“तो शेरा... तो क्लार्कनं घातला. बदलून देतो.”

“सर,” तो म्हणाला, “त्या सांजंला तुमच्या पाया पडून भाईर आलो, तवा देवर्षीसायबांनी मला हापिसात बोलवून घेतलं. खुर्चीवर बसवलं. काय लिवलंय, कुनी सांगितलंय, समदं सांगितलं. म्हनाले, मला नोकरी करायची हाय म्हनून लिवलं, पर तुला ठावं असावं.”

“मग तेव्हाच परत का नाही आलास माझ्याकडं?”

“येऊन काय मागायचं हुतं, सर?”

आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मग मीही चढवला असता. जमादार मुद्दाम दुसरीकडं बघत शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत होता.

“सराव चाललाय,” सुकुमार म्हणाला. “जाऊ?”

माझी परवानगी घेऊन गेला तो. पूल ओलांडून परत येताना मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. देवर्ष्यांना त्याहून जास्त दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना जाब विचारला, तर ते वहीतून मान वर न काढता म्हणाले, “हो, मी सांगितलं. करा तक्रार. लेखी करा म्हणजे कारण लिहावं लागेल.” मी तक्रार केली नाही.

ऑक्टोबरात झोनल झाली. अंतिम सामन्यात आमच्यासमोर जमादारचं कॉलेज आलं. त्यांच्यात एकच मारणारा बरा होता. बाकीचे, मी आमच्या पोरांना सांगितलं, शेतातून थेट आलेत. नेटच्या या बाजूला चेअरमनसाहेबांचा पुतण्या सोडला तर आमचे पाच जण विक्रांतसोबत दोन वर्षं खेळलेले, अंगापिंडानं उंच, बूट कोरे.

पहिला डाव पंधरा-नऊ गेला. मला वाटलं पोरं थंड आहेत. दुसऱ्या डावात मी पंचाच्या खुर्चीजवळ जाऊन नीट बघायला लागलो, आणि हळूहळू ध्यानात आलं. माझा मधला ब्लॉकर, म्हणजे नेटवर मारा अडवणारा, चेंडू सुटायच्या आधीच उडी मारतो. सुकुमार त्याला उडी मारू द्यायचा, आणि तो खाली येत असताना चेंडू मागच्या बाजूला द्यायचा. माझा डावीकडचा पोरगा दमला की उजवा पाय ओढतो. दहाव्या गुणानंतर सगळे चेंडू त्याच्याच अंगावर यायला लागले. आमच्या कॅप्टनकडून एकदा चूक झाली की पुढचा चेंडू तो रागानं घेतो. चूक झाली की पुढचा त्यालाच. हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याच संघाचं हे सगळं मला त्या दिवशी, नेटपलीकडच्या माणसाकडून समजत होतं. दोन वर्षं माझ्या बाकावर बसून त्यानं नुसतं गुणपत्रक लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या डावात आमच्या पुतण्यानं उचललेला चेंडू प्राचार्यांच्या मांडीवर गेला आणि त्यांनी तो पहिल्यांदाच मनासारखा हातात धरला. पंधरा-सहा. सरळ तीन डावांत आम्ही हरलो.

सामना संपल्यावर प्राचार्यांच्या खोलीत विद्यापीठ संघाची निवड झाली. निवड समितीत तिघे: विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख डॉक्टर रणनवरे, जमादार, आणि मी. सात वर्षं मी त्या समितीत होतो. यादी लिहिण्याचं काम माझ्याकडं असायचं, माझं अक्षर चांगलं म्हणून. बारा नावांपैकी अकरा भराभर झाली. सेटरपाशी रणनवरे थांबले.

“दोन नावं आहेत. एक मिरजेकडचा आहे, उंच आहे. आणि हा चौगुले. उंची कमी पडेल का, हा प्रश्न आहे.” ते माझ्याकडं वळले. “जमादारांचा खेळाडू आहे, त्यांना विचारण्यात अर्थ नाही. इंगवले, तुमच्याकडं हा दोन वर्षं होता. तुमचं मत द्या. अटीतटीच्या सामन्यात कसा खेळतो?”

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं. बाहेर पोरं ढाल उचलून नाचत होती. मला वाटलं असतं तर त्या क्षणी ते नाव तिथंच संपलं असतं. उंची कमी आहे एवढं म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यासाठी मी तोंड उघडलं सुद्धा.

“सामन्यात मी त्याला कधी घातलाच नाही,” मी म्हणालो.

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

“बरं, मग सरावात?”

सरावात दुसऱ्या फळीचा खेळ मैदानाच्या त्या टोकाला चालायचा. मी विक्रांतच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचो, तिकडं पाठ करून.

“सरावातही बघितला नाही.”

रणनवरे शांत गृहस्थ होते. कुणाचा अपमान करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून शब्द शोधायला त्यांना वेळ लागला.

“दोन वर्षं मुलगा तुमच्याकडं होता आणि तुम्ही त्याचा खेळ पाहिलेला नाही.”

“आज पाहिला.”

“मग?”

लाज वाटली असं मी म्हणणार नाही. लाज पुढं कधीतरी वाटली, आणि अजून सवडीनं वाटते. त्या वेळी मला वाटला तो तिरस्कार होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खोलीतल्या दुसऱ्या कुणाबद्दल नव्हता.

“घ्या त्याला,” मी म्हणालो. “मिरजेचा राखीव ठेवा.”

“जमादार?”

“माझं काय, साहेब. मी म्हणतोयच.”

मी यादी लिहिली. सेटर: चौगुले सुकुमार आण्णासो. खाली सही करून कागद जमादारकडं सरकवला.

जमादारनं खिशातून चष्मा काढला. अकरा नावांवरून त्यानं नुसतं बोट फिरवलं. बाराव्याशी थांबून अक्षर न् अक्षर वाचलं. मग कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं, सही केली, आणि कागद मला परत न देता माझ्या समोरून हात लांब करून रणनवऱ्यांकडं दिला.